थांबवू की घालवू

गुंडोरावांचे संकल्प दरवर्षी पोंगलपर्यंत टिकत. एक जानेवारीला धरायचे आणि पोंगलचा गूळ संपायच्या आत सोडून द्यायचे, हा त्यांचा शिरस्ताच होता. एका वर्षी त्यांनी रोज पहाटे समुद्रावर चालायला जायचं ठरवलं. मद्रासच्या तिरुवल्लिकेणीतल्या त्यांच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी ते जमलं नाही. पुढल्या वर्षी तपकीर सोडली, ती आठवड्यात परत नाकात चढली. त्यानंतर संस्कृत शिकायला घेतलं. ते कुठवर पोचलं, हे विचारून त्या भल्या माणसाला कोणी छळू नये.

जॉर्ज टाउनमधल्या ज्या पेढीत ते कारकून होते, तिथे हे सगळं जगजाहीर होतं. पेढी कातडी परदेशी पाठवायची. तिथले हेडक्लार्क नारायणस्वामी दर एक जानेवारीला कॉफीच्या वेळी प्रत्येकाला यंदा काय ठरवलंय ते विचारत आणि मग वर्षभर त्यावरून त्याची सालटी काढत. साठ सालच्या एक जानेवारीला त्यांनी गुंडोरावांपाशी खुर्ची ओढली.

"राव, तुम्ही दरवर्षी अख्खा फणस गिळायला जाता," ते तमिळमध्ये म्हणाले. "यंदा एक गरा खा. जे तुमच्याच्यानं नक्की होईल असं एकच काहीतरी ठरवा. एवढंसं असू दे. पण करा."

सगळे हसले. गुंडोरावही हसले, कारण हसण्याखेरीज दुसरं काही त्यांना सुचत नसे. पण बोलणं मनाला लागलं. घरी जाताना त्यांनी आपल्याला खरोखर काय हवंय याचा विचार केला, आणि पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांना स्पष्ट उत्तर मिळालं. त्यांना मंडळाच्या नाटकात काम करायचं होतं. मोठं नको, एकच वाक्य.

हे मंडळ म्हणजे मद्रासेत बदलीवर आलेल्या महाराष्ट्रातल्या लोकांचं. बँकांतले, विम्यातले, रेल्वेच्या हिशेबखात्यातले. पुण्या-नागपूरहून येत, चार-पाच वर्षं मद्रासच्या उकाड्याला आणि सांबाराला नावं ठेवत आणि बदली झाली की जात. गुंडोराव मात्र तंजावरचे. त्यांचे पूर्वज मराठी राज्याबरोबर तिकडे गेले ते गेलेच. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी टिकली, पण कशी टिकली, तर शेजारच्या तमिळशी घरोबा करून. ख, घ, थ, भ या अक्षरांतला श्वास वाटेत कुठेतरी गळून पडला. गुंडोरावांच्या घरी घराला गर म्हणत, भावाला बाऊ आणि भाताला बात. शब्दांची रूपं मात्र जुन्या पोथीतली. जातों, येतों, मजला, तुजला. आपण काही वेगळं बोलतो असं त्या घरात कोणाला कधी वाटलं नव्हतं.

ते वाटायला लावलं मंडळानं. गुंडोराव सहा वर्षांपूर्वी सभासद झाले, ते मोठ्या उमेदीनं. पहिल्याच सभेत त्यांनी तोंड उघडलं आणि बायका पदराआड हसल्या. "किती गोड बोलता हो तुम्ही! पुन्हा बोला ना!" म्हणाल्या. तेव्हापासून त्यांच्याकडे खुर्च्या मांडायचं आणि पिण्याचं पाणी भरायचं काम आलं. ते त्यांनी सहा वर्षं मान खाली घालून केलं. त्या लोकांनी आपल्याला आपल्यातलं म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि आपल्या म्हाताऱ्या आईनं ते समोर बसून पाहावं.

आई तुळसीबाई सत्तरी ओलांडलेल्या. नवरा गेल्यावर तंजावर सोडून मुलाकडे आल्या होत्या. महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण त्याच्याविषयी त्या माहेराविषयी बोलावं तसं बोलत. "आपलेच लोक ते," त्या सुनेला, सीतालक्ष्मीला, सांगत. "आपली बाषा बोलतात. मजला एकदां ने म्हणावें तिकडें." गुंडोराव टाळत. खुर्च्या उचलताना आईनं आपल्याला पाहावं असं त्यांना वाटत नव्हतं.

मंडळाची नाटकं लिहायचे, बसवायचे आणि त्यात नायक व्हायचे ते खांबेटे. विमा कंपनीत मोठे अधिकारी, गोरेपान, आवाज खणखणीत. गुंडोरावांच्या तोंडी त्यांचं नाव कांबेटे होई, आणि खांबेटे ते चारचौघांत पुन्हा पुन्हा म्हणवून घेत. जानेवारीच्या बैठकीत पाडव्याच्या नाटकाचं ठरत होतं. गुंडोरावांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि सांगून टाकलं.

"मजला एक वाक्य द्या. एकच. गडी, पट्टेवाला, काईही चालेल."

खांबेट्यांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "देतो की! तुमच्यासाठी खास लिहितो," ते म्हणाले. आणि खरोखरच लिहिलं. नाटक एका भाडेकरूचं होतं, भाडं चुकवणाऱ्या भाऊसाहेबांचं. भाऊसाहेब अर्थात खांबेटे. गुंडोराव त्यांचा गडी. पहिल्या अंकात एकदा आणि तिसऱ्या अंकात एकदा दारातून आत यायचं आणि म्हणायचं, "भाऊसाहेब, घरमालक आलेत. थांबवू की घालवू?"

भ, घ, थ, घ. वाक्य छोटं, पण त्यात गुंडोरावांना न येणारी अक्षरं खांबेट्यांनी खच्चून भरली होती. तालमीत गुंडोरावांनी ते प्रथम म्हटलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. गुंडोरावांना वाटलं, वाक्यच विनोदी आहे. इतका भाबडेपणा पंचेचाळिसाव्या वर्षी माणसाला शोभत नाही, पण होता त्याला काय करणार.

तरीही आपल्या आणि खांबेट्यांच्या उच्चारात फरक आहे, एवढं त्यांच्या कानांना कळत होतंच. मग त्यांनी संकल्प पक्का केला. पाडव्यापर्यंत हे वाक्य असं म्हणायचं, की माणूस तंजावरचा आहे हे कोणाला कळता कामा नये. एक वाक्य, चार अक्षरं, तीन महिने. हे आपल्याच्यानं होण्यासारखं आहे, नारायणस्वामींनी सांगितलं तसंच आहे, असं त्यांना वाटलं.

युक्ती सीतालक्ष्मीला सापडली. गुंडोराव सकाळी देवापुढे उभे राहून भ म्हणायचा प्रयत्न करत होते. एकदा तो चुकून बरोबर आला आणि समईची ज्योत हलली. सीतालक्ष्मीनं पाहिलं. "अहो, दिव्यासमोर बोला," ती म्हणाली. "ज्योत हालली तर बरोबर. न हालली तर आपलं नेहमीचं." ती रोज सकाळी तोंडासमोर निरांजन धरून उभी राहू लागली. जानेवारी गेला भ मध्ये. फेब्रुवारीत थ आला. घ फार अडून बसला. तो घशातून यायचा आणि ओठांपर्यंत पोचता पोचता ग होऊन जायचा. गुंडोरावांनी इतका जीव लावून कधी काही केलं नव्हतं, लग्नही नाही.

तुळसीबाईंना हे पसंत नव्हतं. "देवाच्या दिव्यावर फुंकतोस काय रे?" त्या खोलीतून ओरडत. "आणि वाक्य कसलें तें? मी म्हणूं?" आणि बसल्या जागी सरळ म्हणत, "बाऊसाहेब, गरमालक आलेत. तांबवूं की गालवूं?" रोज ऐकून त्यांचं पाठ झालं होतं. "इतकें सोपें आहे, तुजला का येत नाहीं?"

"अम्मा, तुजला नाहीं कळत," गुंडोराव म्हणत, आणि पुन्हा ज्योतीकडे वळत.

मार्चमध्ये पेढीच्या वार्षिक हिशेबामुळे त्यांना तालमींना जाता येईना. खांबेट्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुम्ही यायची गरजच नाही हो. तुमचं आहे तसंच उत्तम आहे." गुंडोरावांना हा आपल्यावरचा विश्वास वाटला. ते मनात म्हणाले, आता पाहाच तुम्ही. शेवटच्या आठवड्यात घ सुद्धा आला. चारही अक्षरांना ज्योत हलली. सीतालक्ष्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. संकल्प पुरा होण्याचं सुख काय असतं, ते त्या घराला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पाडव्याच्या संध्याकाळी वेस्ट मांबलमच्या स्टेशनाजवळच्या हॉलमध्ये नाटक होतं. घरी त्या दिवसाला युगादी म्हणत, पण गुंडोराव सकाळपासून पाडवा पाडवा म्हणत होते. तुळसीबाई ठेवणीतलं तंजावरी रेशमी लुगडं नेसून, हातात नवऱ्यानं केलेल्या पाटल्या घालून पहिल्या रांगेत बसल्या. शेजारी सीतालक्ष्मी. आजूबाजूला चाललेलं मराठी बोलणं त्या मान वळवून वळवून ऐकत होत्या. अर्धं समजत नव्हतं, पण आवडत होतं. "लौकर बोलतात," त्या सुनेच्या कानात म्हणाल्या. "पण आपलेंच."

पहिला अंक. गुंडोराव धोतराचा काचा मारून, डोक्याला फडकं बांधून दारातून आले. त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, घरमालक आलेत. थांबवू की घालवू?"

एक अक्षर चुकलं नाही. पुण्यात जन्मलेल्या माणसानं म्हणावं तसं ते वाक्य आलं आणि हॉलमध्ये कोणालाही काहीही वाटलं नाही. गड्यानं निरोप दिला, बस. तिसऱ्या रांगेत कोणी खोकलं. नाटक पुढे गेलं.

गुंडोराव आत आले तेव्हा त्यांच्या अंगात आनंद मावत नव्हता. हेच त्यांना हवं होतं. कोणाला काही वाटू नये, हेच. सहा वर्षांत पहिल्यांदा ते तोंड उघडून बोलले आणि कोणी हसलं नाही. त्यांनी तिथल्या तिथे डोळे मिटून हात जोडले.

अंक संपला आणि खांबेटे तणतणत आत आले. "काय केलंत हे?" त्यांनी गुंडोरावांचं मनगट धरलं. "माती केलीत सगळ्याची!"

"चुकलें काय?"

"चुकायलाच हवं होतं! अहो, ते वाक्य तुमच्या जिभेसाठी लिहिलंय मी. भ, घ, थ काय उगाच घातले? लोकांनी हसून लोळायला हवं होतं तिथं. तुम्हाला शुद्ध बोलायला सांगितलं कोणी? तसा गडी मला कोणीही मिळाला असता."

गुंडोरावांना कळायला वेळ लागला. मग सगळं एकदम कळलं. तालमीतलं हसू, पदराआडच्या बायका, पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलेलं कांबेटे.

"तिसऱ्या अंकात घरी बोलता तसं बोला," खांबेटे म्हणाले आणि मिशी चिकटवायला निघून गेले.

गुंडोरावांनी ठरवलं, बोलायचं नाही. तीन महिन्यांची मेहनत ही त्यांची स्वतःची होती. आयुष्यात पुरा झालेला हा एकच संकल्प, तो कोणाला हसायला द्यायचा नाही. तिसऱ्या अंकात ते दारातून आले आणि त्यांनी वाक्य पुन्हा चोख म्हटलं.

खांबेट्यांनी पुढचं वाक्य घेतलं नाही. कानामागे हात धरला आणि म्हणाले, "काय म्हणालास? ऐकू नाही आलं."

हे नाटकात नव्हतं. गुंडोरावांनी वाक्य पुन्हा म्हटलं.

"अरे, नीट सांग. कोण आलंय?"

लोकांत थोडी खसखस पिकली. गुंडोरावांनी तिसऱ्यांदा म्हटलं. घ जेमतेम आला.

"असा साहेबासारखा काय बोलतोस रे?" खांबेटे प्रेक्षकांकडे डोळा मारून म्हणाले. "आपल्या घरी बोलतोस तसं बोल की."

ज्यांना गुंडोराव माहीत होते ते आता हसायला लागले. गुंडोराव उभे राहिले. तोंडात वाक्यच नव्हतं, नुसता वारा होता. भ कुठून सुरू करायचा, तेच त्यांना आठवेना. घाबरून त्यांनी समोर पाहिलं. पहिल्या रांगेत तुळसीबाई पुढे झुकल्या होत्या. पोरगं वाक्य विसरलं, असं त्यांना वाटलं होतं. त्या ओठ हलवून त्यांना ते सांगत होत्या. लहानपणी परवचा म्हणताना अडलं की सांगायच्या, तसं. आणि गुंडोरावांची जीभ त्या ओठांमागून गेली.

"बाऊसाहेब, गरमालक आलेत. तांबवूं की गालवूं?"

हॉल फुटला. लोक खुर्च्यांवरून वाकून वाकून हसले. मागून कोणी तरी "गालवूं!" असं ओरडलं आणि हशाची दुसरी लाट आली. खांबेट्यांनी हात उंचावून "गालव रे बाबा, गालव!" म्हटलं, त्याला टाळ्या पडल्या. गुंडोरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली तुळसीबाई सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होत्या. "आतां बरें बोलला," त्या सुनेला म्हणाल्या. "मगाशीं नुसता फुंकत होता. पाहा, लोकांस किती आवडलें!"

सीतालक्ष्मीनं टाळी वाजवली नाही. तिला सगळं समजलं होतं.

पडदा पडल्यावर गुंडोराव तोंड धुऊन बाहेर आले. त्यांना राग आला होता, आणि तो खांबेट्यांवर यायला हवा होता. पण खांबेट्यांवर रागवायचं तर मंडळ सोडावं लागलं असतं. आईवर रागवायला काही सोडावं लागत नाही. तिनं ओठ हलवले नसते तर, एवढं एकच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

आई आणि सीतालक्ष्मी हॉलच्या व्हरांड्यात थांबल्या होत्या. तोंडावरचा रंग तसाच ठेवून खांबेटे चार-पाच जणांना घेऊन तिकडेच आले. "या मातोश्री का तुमच्या?" ते गुंडोरावांना म्हणाले. "वा! पहिल्या रांगेत ओठ हलवत होत्या, मी पाहिलं. म्हटलं, ही तर मूळ गंगोत्री. आजी, पुढच्या वर्षी तुम्हालाच घेतो नाटकात. बोला की काहीतरी! तुमची ती गोड मराठी ऐकू द्या आम्हाला."

बरोबरच्या बायका जवळ सरकल्या. त्यांचे चेहरे आधीच हसायच्या बेतात आले होते. तुळसीबाईंना ते प्रेमच वाटलं. त्यांनी पदर सारखा केला. आपल्या लोकांशी बोलायला त्या किती वर्षं थांबल्या होत्या. तुमचें गांव कोणतें, गराणें कोणतें, सगळं त्यांना विचारायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"आईला मराठी येत नाही," गुंडोराव म्हणाले. "ती फक्त तमिळ बोलते."

वाक्य स्वच्छ आलं. सीतालक्ष्मीनं "अहो" म्हटलं आणि ती थांबली.

"अरेरे," खांबेटे म्हणाले. ते खरोखर हळहळले. "इतक्या पिढ्यांत भाषा पार गेली म्हणायची. तुम्ही मात्र टिकवलीत हं, गुंडोराव." आणि त्यांनी गुंडोरावांच्या खांद्यावर हात ठेवला. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

तुळसीबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्यातलं एक न एक अक्षर त्यांना कळलं होतं. लोक का जवळ आलेत आणि मघाशी का हसले, तेही बहुधा त्या क्षणी कळलं. त्यांनी पदर पुन्हा सारखा केला, खांबेट्यांना नमस्कार केला आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "आमा. एनक्कु मराट्टि तेरियादु." होय, मला मराठी येत नाही.

तमिळ त्यांना उत्तम येत होतं. तंजावरात जन्म गेलेला. पण ते बाहेरचं होतं, भाजीवालीशी, डॉक्टरशी, बसच्या कंडक्टरशी बोलायचं. देवाशी आणि पोटच्या पोराशी त्या कधी तमिळ बोलल्या नव्हत्या.

बस स्टॉपवर तिघं उभी राहिली. गर्दी होती, बस येत नव्हती. गुंडोरावांचा राग उतरला होता आणि त्याच्या जागी काय आलंय ते त्यांना पाहवत नव्हतं. आईला घाम आला होता. समोर सोडावाला होता.

"अम्मा," ते हळूच म्हणाले, "सोडा आणूं काय तुजला?"

तुळसीबाई रस्त्याकडे पाहत होत्या. "वेण्डांग," त्या म्हणाल्या. नको. तमिळमध्ये अनोळखी माणसाला मान देऊन सांगतात तसं त्यांनी सांगितलं आणि अशा माणसाला बसच्या रांगेत पुढे जायचं असावं, तशा त्या मुलाला वाट देत जरा बाजूला सरकल्या.